भेगेच्या टोकाची रेघ

तीर्थरूप बाबा,

वाकून नमस्कार. मी बरी आहे. दोन्ही वेळा पोटभर जेवते, खोलीत ऊनही येतं. आईला सांगा, स्वेटर घालते.

एक गोष्ट फोनवर सांगायला तोंड उघडेना, म्हणून लिहिते. वर्गात प्रत्येकाने सदोष बांधकामाचा एक फोटो दाखवायचा होता. मी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीवरची भेग दाखवली. भिंत तुम्ही स्वतः बांधलेली, आणि मी फोटोखाली लिहिलं, ‘अडाणी गवंडीकाम’. वर्ग हसला. मीही हसले.

सर मात्र फोटोच्या अगदी जवळ गेले. भेगेच्या टोकाला तुमची पेन्सिलची रेघ आहे ना, आणि तिच्याखाली तारखा? आम्हाला भिंतीवर गिरगटलं म्हणून ओरडता आणि स्वतः गिरगटता, असंच मला वाटायचं. सर म्हणाले, “भेग वाढतेय का, हे कोणीतरी दरवर्षी बघतंय. नऊ वर्षांच्या तारखा एकाच रेघेपाशी आहेत, म्हणजे भेग कधीच थांबली. हा गवंडी जाणता आहे. कोण हा?”

मी म्हणाले, “माहीत नाही सर. घर ओळखीच्यांचं आहे.”

जीभ कशी रेटली, कोणास ठाऊक. तेव्हापासून सर समोरून आले की मी जमिनीकडे बघते. उद्या त्यांना खरं सांगणार आहे.

आईचा गुडघा कसा आहे? यंदाची तारीख घालायची राहिली असेल तर मी येईपर्यंत थांबाल? तारीख तुम्हीच घाला. मी खाली स्टूल धरून उभी राहीन.

तुमचीच मुलगी