दफनभूमीचं मशीन

६ ऑक्टोबर, सोमवार
अख्ख्या ऑस्ट्रियाचं माहीत नाही, पण आमच्या गावच्या नगरपालिकेत माझ्यावाचून पान हलत नाही, हे आज पुन्हा सिद्ध झालं. नगराध्यक्ष क्योबर्ल जिन्यात भेटले. म्हणाले, काय एवाल्ड, सर्व्हर बरा आहे ना? म्हटलं, सगळं हातात आहे. झाडूच्या खोलीत सर्व्हर एकच, पण त्याच्या पोटात पाच व्हर्च्युअल मशिन्स, म्हणजे एकाच यंत्रात चालणारे पाच आभासी संगणक: पाणीपट्टी, शाळा, ईमेल, दफनभूमी आणि पाचवं बॅकअपचं. ते बाकीच्यांच्या प्रती सांभाळतं. शेजारच्या गावाने बॅकअपसाठी वेगळी पेटी घेतली म्हणे. उधळपट्टी! माझं कसं सगळं एकाच घरात.

८ ऑक्टोबर
सर्व्हरवर ऑगस्टपासून नारिंगी दिवा लुकलुकतोय. आत दोन डिस्क, एकमेकींची हुबेहूब नक्कल. त्यातली एक कुरकुरतेय. घाई नाही, दुसरी आहेच. दिवा डोळ्यांत जात होता, म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावली. आता कसं शांत वाटतं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
बाराला ऑफिस बंद. नेहमीप्रमाणे बॅकअपची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन घरी निघालो. ही माझी शिस्त. निघताना प्रिंटर धडधडत होता. दर शुक्रवारी कोण एवढा कागद नासतं? नोटीस लावली: कागद वाचवा, संगणकावर विश्वास ठेवा.

१५ ऑक्टोबर
दफनभूमीचं काम बघणाऱ्या हर्मिनेबाई ३१ तारखेला निवृत्त होतायत. जुन्या वह्यांतून कोण कुठे पुरलंय ते त्यांनी अकरा वर्षं टाइप केलं. २,१४० कबरी. वह्यांतलं ते जुनं जर्मन वळण गावात फक्त त्यांनाच वाचता येतं. आज विचारत होत्या, माझे मेलेले नीट आहेत ना रे तुझ्याकडे? म्हटलं, हर्मिनेबाई, माझ्याकडे ते अमर आहेत. त्यावर म्हणाल्या, तुझ्या वडिलांच्या कबरीच्या भाडेपट्ट्याची मुदत यंदा संपतेय, वाढवायच्या फॉर्मवर सही कर, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. म्हटलं, डोक्यात आहे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार, सकाळी ९
नवी डिस्क आली. पाच मिनिटांचं काम.

९.४०
चिकटपट्टीमुळे दिवा नक्की कुठल्या डिस्कचा ते कळेना. अनुभवावर भरवसा ठेवून वरची ओढली.

९.४२
वरची चांगली होती.

९.५०
घाईघाईने परत घातली. सर्व्हरने आपणहून नक्कल सुरू केली. आजारी डिस्कवरून धडधाकट डिस्कवर.

११.३०
पाचही मशिन्स गेली. घाबरण्यासारखं काही नाही. बॅकअप पाचव्या मशीनवर आहे.

११.३५
पाचवं मशीनही त्याच सर्व्हरवर होतं.

दुपारी २
घरी धावत गेलो. मोज्यांच्या खणातून बाहेरची डिस्क काढली. पाणीपट्टी सापडली, शाळा सापडली, ईमेल सापडलं. देव आहे!

२.२०
दफनभूमी नाही. ते मशीन मी दोन वर्षांपूर्वी नव्याने बनवलं, आणि बॅकअपच्या यादीत त्याच्या नावापुढे खूण करायची राहिली. सिस्टिम रोज ईमेल पाठवून सांगत होती की एक मशीन यादीत नाही. त्या ईमेल 'निवांत बघू' नावाच्या कप्प्यात आपोआप जातील अशी सोय मीच केली होती. सातशे बारा आहेत. एकही उघडलेली नाही.

२३ ऑक्टोबर
लिंत्सच्या एका कंपनीला दोन्ही डिस्क दाखवल्या. तिथला माणूस म्हणाला, साहेब, तुम्ही स्वतःच जुन्यावर नवं लिहून टाकलंत, आता आम्ही काय खरवडणार? सेवा अत्यंत उद्धट.

२४ ऑक्टोबर
हर्मिनेबाईंना सांगितलं, अपडेट चालू आहे. म्हणाल्या, चार दिवस? म्हटलं, मोठं अपडेट आहे. रात्री जेवण गेलं नाही. बायकोला म्हटलं, पोट बिघडलंय.

२८ ऑक्टोबर
एक तारखेला सर्व संतांचा दिवस, सगळं गाव मेणबत्त्या घेऊन कबरींवर जाणार. परगावच्यांचे फोन आताच सुरू झालेत. साल्झबुर्गहून एक म्हातारी विचारत होती, माझी आई कुठे आहे हो? हर्मिनेबाई संगणकाच्या पडद्याकडे न बघता म्हणाल्या, रांग ह, भिंतीजवळ, नळाच्या डावीकडे. शुक्रवारनंतर हा फोन कोण उचलणार?
निश्चय: जुन्या वह्यांवरून मीच सगळं टाइप करायचं. तीन रात्री जागलो की झालं.

२९ ऑक्टोबर
दोन तासांत तीन नावं लागली. त्यातलं एक नाव नसून 'घटसर्प' होतं.

३० ऑक्टोबर
वही घेऊन दफनभूमीत गेलो, थडग्यांवरून नावं उतरवायला. एकसष्ट झाली. मग जुने लोखंडी क्रॉस लागले. त्यांच्यावर काहीच नाही. तिथली माणसं फक्त हर्मिनेबाईंच्या यादीत होती. बाबांच्या कबरीपाशी बसलो आणि रडलो. एका बाईची अकरा वर्षं मी बोटभर चिकटपट्टीने पुसली.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
निरोप समारंभ. नगराध्यक्षांच्या भाषणात 'डिजिटल वारसा' हा शब्द तिसऱ्यांदा आला तेव्हा मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर सांगून टाकलं. कुणी हॅम-ब्रेडला हात लावेना.
हर्मिनेबाई उठल्या. गळ्यातल्या किल्लीने कोपऱ्यातलं कपाट उघडलं. आत अकरा जाड फायली. दर शुक्रवारी मी डिस्क घेऊन निघालो की त्या आठवड्याचं काम छापून फायलीत लावत होत्या. १७ तारखेपर्यंतचं सगळं आहे. मी विचारलं, माझ्यावर विश्वास नव्हता का? म्हणाल्या, सर्व्हरवर होता रे.
नगराध्यक्ष म्हणाले, पण आता हे परत टाइप कोण करणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हटलं, सगळं हातात आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार
पहिल्या फाइलपासून सुरुवात. तासाला एकोणीस कबरी. दोन आठवड्यांत संपवणार. नवं मशीन उत्तम चालतंय. बॅकअपच्या यादीत त्याच्यापुढे खूण करायची आहे. उद्या.

दुपारी ४
रांग क, कबर १४. बाबा. हर्मिनेबाईंचा शेरा: 'मुदत यंदा संपते. मुलाला चारदा सांगितलं. म्हणतो, डोक्यात आहे.'
शेरा जसाच्या तसा टाइप केला.