उपवासाचा मासा आणि आमची धर्मपरिषद

आदरणीय लिसानेवर्क मामा,

तुमच्या दोन्ही गुडघ्यांना वाकून ओठ लावते, दुखऱ्या डाव्याला जरा हलकेच. तुमची तब्येत, मामी, शेळ्या आणि पाठशाळेतली पोरं कशी आहेत? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, म्हणजे शरीराने.

आधी एक प्रश्न. निकियाच्या परिषदेला जमलेल्या तीनशे अठरा धर्मपित्यांना रोज रांधून कोण घालत होतं? मी इतिहासाची पदवी घेतली, धर्मपरिषदांवर प्रबंध लिहिला, घरातली पहिली पदवीधर म्हणून आईने माझा काळ्या झग्यातला फोटो मरियमच्या तसबिरीशेजारी लावला (बराचसा मरियमच्या वर), आणि मला या प्रश्नाचं उत्तर येत नाही. खर्च सम्राटाने केला एवढं माहीत आहे. चुलीपाशी कोण बसलं होतं, हे मी वाचलेल्या एकाही पुस्तकात नाही. आणि याच प्रश्नावर माझी परिषद मोडली.

मरियमच्या मंडळाचं मडकं तुमच्या चांगल्या ओळखीचं आहे. ज्या घरी मडकं, त्या घरी त्या महिन्याचं जेवण. जेवण झालं की पुढची पाळी जिची, ती मडकं उचलून घरी नेणार. गेल्या महिन्यात मडकं आमच्याकडे होतं. ईस्टरआधीचा मोठा उपवास चालू होता, मांस-दूध वर्ज्य. आईने मसूर केली, हरभऱ्याच्या पिठाचं शिरो केलं, आणि शेवटी मोठ्या कौतुकाने तळ्यातल्या माशाचा लाल रस्सा आणून ठेवला. मडकं न्यायची पाळी होती झेनेबेच मावशीची. मावशीने रश्शाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, शाल सावरली आणि मडक्याला हात न लावता निघून गेली. उपवासात मासा शिजलेल्या घरातून ती मडकं उचलणार नाही म्हणाली. आई म्हणाली, मासा उपवासाला चालतो, हे तिला धर्म कळणाऱ्या माणसाने सांगितलंय. झेनेबेच मावशी फाटकातून म्हणाली, तिलाही धर्म कळणाऱ्या माणसानेच सांगितलंय.

मामा, मडकं उचललं गेलं नाही तर मंडळ मोडलं. आणि झेनेबेच मावशी म्हणजे नुसती शेजारीण नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी मला हातांवर घेऊन उभी राहिलेली माझी धर्माची आई आहे. माझ्या दोन आया एकमेकींच्या दारावरून मान वळवून जाताना मला बघवेना. देवळातले धर्मगुरू अबा गेब्रेमेस्केल यांना विचारलं, तर ते म्हणाले की हा फार गहन विषय आहे (त्यांना दोन्ही घरची बीअर आवडते). मग मी ठरवलं, परिषद भरवायची.

परिषद देवळामागच्या वडाखाली भरली. मी आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली. आई म्हणते ती थोडी नव्हती. अर्योस नावाचा धर्मगुरू म्हणाला पुत्र, म्हणजे येशू, देवाने निर्माण केलेला आहे, त्यावरून एवढं पेटलं की सम्राटाने सगळ्यांना निकियाला बोलावलं. त्यांनी दोनेक महिने बसून जी श्रद्धेची वाक्यं ठरवली, तीच आपण आजही म्हणतो, हे मी सांगितलं. छळात डोळा गेलेले, हात भाजलेले म्हातारे कुठून कुठून चालत आले होते, हेही सांगितलं. परिषद म्हणजे जिंकणं नव्हे, म्हणाले मी, ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्याबरोबर एका छपराखाली बसणं. बायका डोळे पुसू लागल्या. मला वाटलं, आता मडकं उचललंच.

तेवढ्यात आईने विचारलं, तिथे बायका होत्या का? नव्हत्या, म्हणाले मी. मग रांधत कोण होतं? मी माझी टिपणं चाळू लागले. कुणीतरी विचारलं, हे निकिया आहे कुठे? मी भाबडेपणाने सांगितलं, एका तळ्याकाठी.

"तळ्याकाठी," आई म्हणाली. "म्हणजे मासेच खाल्ले असणार."

"म्हणूनच दोन महिने लागले," झेनेबेच मावशी म्हणाली.

त्यानंतर पाऊण तास माझं कुणी ऐकलं नाही. शेवटी मी हात वर करायला सांगितले. माशाच्या बाजूने थोडे जास्त हात आले (आईने दोन्ही वर केले होते, त्यांतला मी एकच धरला). मी निर्णय जाहीर केला. झेनेबेच मावशी शांतपणे उठली.

"कॅल्सेडनला भरलेल्या चौथ्या परिषदेचा निर्णय आपल्या लोकांनी मानला नाही, आणि दीड हजार वर्षं झाली तरी आपलं काही बिघडलं नाही, हे तूच सांगितलंस ना, बिशपीणबाई? मग मीही नाही मानत."

ती गेली, तिच्यामागे अर्ध्या बायका गेल्या, आणि वडाखाली मी, आई आणि मडकं उरलो. तेव्हापासून गावात मला कुणी एमेबेत म्हणत नाही. भाजीवालीसुद्धा म्हणते, बिशपीणबाई, कांदे घ्या.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

तुमची भाची,
एमेबेत

ता. क. कॅल्सेडनच्या भांडणात दोन्ही बाजूंच्या हातात एकाच माणसाचं, केर्लोस या जुन्या धर्मपित्याचं लेखन होतं. त्यावरून मला सुचलं, आणि मी दोघींना वेगवेगळं गाठून विचारलं की धर्म कळणारा माणूस म्हणजे कोण. दोघींनी तुमचं नाव सांगितलं, मामा. आजारपणात आमच्याकडे राहिलात तेव्हा भर उपवासात आईला तुम्ही म्हणालात, मासा म्हणजे पाण्यातली भाजी. आणि त्याच आठवड्यात झेनेबेच मावशीने आणलेला मासा तुम्ही झाकणसुद्धा पुरतं न उघडता परत पाठवलात, उपवासाला चालत नाही म्हणून.

ता. क. दुसरा. आई म्हणते, त्या संध्याकाळी तुम्ही तिच्या कानात म्हणाला होतात की झेनेबेच अख्ख्या मठाचं मीठ एका माशात घालते. हे मी मावशीला सांगितलेलं नाही. मासा परत आला त्या दिवसापासून मावशीने एकाही उपवासात मासा शिजवला नाही, तिला तो इतका आवडत असूनही. मिठाचं तिला कुणी सांगायचं, ते तुम्ही ठरवा.

ता. क. तिसरा. हे बसच्या खिडकीशी उभी राहून लिहिते आहे; पत्र तुमच्या हातात आईने दिलं असेल. आत्ताच मी दोघींना तुमच्या गोंदारच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसवलं. आईच्या दोन्ही हातांत सामान होतं, म्हणून मडकं झेनेबेच मावशीच्या मांडीवर गेलं. फक्त प्रवासापुरतं, असं तिने सगळ्या बसला ऐकवलं, पण शाल काढून त्याच्याभोवती गुंडाळली. बस पोहोचेल ती बरोबर आजचा उपवास सोडायच्या वेळेला. मामींशी मी कालच फोनवर बोलले; त्या आज आपल्या बहिणीकडे गेलेल्या असतील. आईच्या टोपलीत ओल्या पानांत गुंडाळलेले तळ्यातले मासे आहेत, मावशीच्या पिशवीत शिरोचं पीठ. चूल तुमची, आणि मीठही तुमच्याच हातात.