तिफणीवर कुंकू टिकेना

रेणुके,

मी वाटूरला चाल्लो. भाकरी टोपल्यात झाकल्यात.

लाकूड भिजू नये म्हणून तू जी पेरणीची तिफण खनिज विरघळवलेल्या पाण्यात बुडवून वाळवल्ती, तिची सकाळी पूजा केली. ओलं कुंकू लावलं, तर टिकेचना, गोळी होऊन खाली! मला अपशकुन वाटला, तुला उठवून ओरडणारच होतो. मंग तांब्याभर पाणी ओतलं. अळूच्या पानावरून पळावं तसं पळालं, अन् लाकूड बिलकुल कोरडं! चाळीस वर्षं सुतारकी करून राह्यलो, असं कधी पाह्यलं न्हाई. तीनदा ओतून बघितलं.

काल मी भिरकावलेल्या तुझ्या कॉलेजच्या फॉर्मवर सही केली, तुझ्या वहीत ठेवलाय.

पुढच्या तिफणीवर फक्त कुंकवापुरती जागा कोरी सोड.

अण्णा