लाल दोऱ्याचा कोंबडा

अनसिंग, मंगळवार, दिवेलागणीले

ग्रामपंचायतीचा शिपाई सांगून गेला, रविवारपर्यंत कोंबडा हटवा, नाई तं साऱ्याच कोंबड्या उचलून नेऊ. तक्रार शेजारच्या शोभावहिनीची. कोंबडा पहाटे आरवते, झोप होत नाई म्हणे.

अन् कोंबडा कोणाचा? तिचाच! नवरा दवाखान्यात होता तवा तिनं मरीमायले कोंबडा कबूल केला, त्याच्या पायाले लाल दोरा बांधला अन् जत्रेपर्यंत सांभाळा म्हणून माह्या आंगणात आणून सोडला. नवरा बरा झाला. मग वहिनीनं गळ्यात माळ घातली.

दुपारी तिच्या दारात गेली. म्हणलं, "वहिनी, नवस तुमचा, तुमीच फेडा."

"मी आता माळकरी, बाई. असल्या कामाले हात लावत नाई. तुमीच पाहा काय करायचं ते."

असा राग आला मले! पण पाहू काय? खाटकाकडे नेला, तं त्यानं लाल दोरा पाहून हातच जोडले. मीच मरीमायले वाहावा, तं दुसऱ्याचा नवस मले फेडता येत नाई. अन् कोंबड्या नेल्या तं आमी मायलेकीनं खावं काय?

आत्ता कात्री घेऊन बसली होती. दोरा कापला की झाला साधा कोंबडा, बाजारात कोणीही घेईन. मी त्याचा पाय धरला. तेवढ्यात भिंतीपलीकडून तिचा नवरा खोकलला, अन् माहा हात जागीच थांबला.

माळ घालून ती सुटली. दोरा कापल्यावर त्या माणसाले काही झालं, तं मी कुठं जाऊ?