उचललेला भंडारा

९ जून
सासूबाईंनी आज विलासला देवघरापुढं बसवून भंडारा उचलायला लावला. 'म्हण, आजपास्नं थेंब बी घेनार न्हाय.' म्हणाला. नवऱ्याच्या शपथा लग्नापासून ऐकतेय, पण हळदीची चिमूट हातात घेऊन ही पहिलीच. डोळे उघडल्याबरोबर बाटली लागणारा माणूस. बघू.

१० जून
टिकलाय. हात लटलटतात, घामानं बनियन ओलं. कपबशी फोडली. 'भोग आता,' म्हटलं. म्हणताना बरं वाटलं. शिरोलीला फाउंड्रीत गेला नाही. या हातांनी काय साचे भरणार!

११ जून
भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणे. भिंत कोरडी ठणठणीत. जेवता जेवता आडवा झाला, डोळे पांढरे, तोंडाला फेस. फिट. रिक्षात घालून दवाखान्यात. सासूबाई रस्ताभर एकच, 'चोरून प्यालाच असनार. त्याबिगर द्येव कोपतोय व्हय?'

१२ जून
रक्तात दारू नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीच भानगड आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात, काही 'ऊठ', काही 'गप बस'. दारू 'गप बस' वाढवते. रोज प्यायलं की मेंदू तो निरोप ऐकेनासा होतो आणि आपला 'ऊठ'चा आवाज चढवतो. दारूचं शरीरात जे ॲसिटाल्डिहाइड नावाचं विष होतं, त्याचीही त्यात लुडबूड. मग दारू एकदम तोडली की नुसता आरडाओरडा उरतो. आमच्या घरासारखंच.
'हळूहळू, आमच्या देखरेखीखाली सोडवायची असते. एकदम कुणी बंद केली?'
सासूबाई पदराशी चाळा करत बसल्या. काही कळलं नसावं.

१३ जून
शुद्धीवर आला. स्वतःच्या पोरीचं नाव आठवेना. कामाला कुठं जातो, तेही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, दारूनं आणि फिटेनं मेंदूला मार बसलाय; येईल थोडंफार, कदाचित नाही.
व्हरांड्यात सासूबाई पुन्हा सुरू, पोरानं शपथ मोडली म्हणून. मग मी सांगितलं. सगळं, सावकाश, त्यांच्या भाषेत. 'मोडली न्हाय आत्या. पाळली. म्हणून पडला. तुमच्या भंडाऱ्यानं पडला.'
त्या दिवशी भंडाऱ्याची थाळी धरायला मीही होतेच, ते नाही सांगितलं. म्हातारी पायरीवर बसली ती उठेना. मला दया आली नाही.

२० जून
काल घरी आणलं. हातांचं लटलटणं थांबलंय, दारूच्या जागी गोळ्या चालू. पोरीला 'कुनाची गं तू?' विचारतो. ती आत जाऊन रडते.
आज बाजारातून आले तर सासूबाई त्याच्यासमोर बसलेल्या. हातात खोकल्याच्या औषधाचं टोपण. दारूचा वास दारातच आला.
'आत्या, हे काय!'
'हळूहळू सोडवायची म्हनली न्हवं ती बाई? तूच सांगितलंस की. टोपनानं देते.'
मला हसू आलं.
विलासनं टोपण बाजूला सारलं. पोरीचं नाव न आठवणारा माणूस म्हणाला, 'आई, भंडारा उचललाय मी.'
'घे रं बाळा. मी सांगत्या न्हवं.'
'मग तू सोडव शपथंतनं.'
सासूबाईंनी टोपण खाली ठेवलं. दोघंही माझ्याकडं बघायला लागले.