ढमीचा डायपर आणि साडूवरचा सूड

३ मे, दुपारी

जहाज सुटलं. सगळे कठड्याशी उभे राहून हात हलवत होते. मी नाही हलवला. किनाऱ्यावर आमच्या ओळखीचं कोणी नव्हतंच, मग हलवायचा कोणाला? साडू मात्र दोन्ही हातांनी हलवत होता. वर उड्या मारत होता.

ही क्रूझ साडूची आयडिया. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. बुकिंग त्याने केलं, केबिन त्याने निवडल्या. त्याच्या केबिनला बाल्कनी आहे. आमच्या केबिनला गोल खिडकी आहे आणि खिडकीच्या पुढ्यात लाईफबोट टांगलीय. समुद्र दिसत नाही. म्हणाला, दादा, लाईफबोट जवळ असली की कसं निर्धास्त वाटतं. मी हसलो. पण मनात लिहून ठेवलं.

संकल्प: या सुट्टीत साडूवर चिडायचं नाही.

३ मे, संध्याकाळी

चिडलो.

ढमीला घेऊन मोठ्या स्विमिंग पूलवर गेलो. ढमी सव्वादोन वर्षांची आहे. घरी महिनाभर तिला सांगतोय, बाबा तुला मोठ्ठ्या पाण्यात नेणार. बाथरूममधल्या टबात रोज सराव घेतला. बदकाची ट्यूब तोंडाने फुगवली, कारण पंप घरी राहिला. (बायको विसरली. बॅग मी भरली होती, पण आठवण तिने करायला हवी होती.)

लाईफगार्डने आधी ट्यूब पाहिली, मग ढमी पाहिली, मग ढमीचा मागचा फुगवटा पाहिला आणि शिट्टी वाजवली. अख्ख्या डेकसमोर. म्हणाला, डायपर चालणार नाही. मी म्हणालो, हा पाण्यातला स्पेशल डायपर आहे, बघा, वर मासा छापलाय. म्हणाला, मासा असला तरी नाही. ज्यांचा डायपर पूर्ण सुटलाय, तीच मुलं पूलमध्ये. बाकीच्यांसाठी मागच्या डेकवर कारंजी आहेत, तिथे माशाचा चालतो.

तेवढ्यात शेजारून काहीतरी धपकन पाण्यात पडलं. साडूचा मुलगा. ढमीपेक्षा लहान! साडू त्याला साहेब म्हणतो. साहेब जेवले का, साहेब झोपले का, असं दिवसभर चालतं. साहेब दंडाला फुगे लावून बुडबुडे काढत होते आणि साडू पाण्यातून मला ओरडून म्हणाला, दादा, ढमीचा अजून सुटला नाही होय? आमच्या साहेबांचा कधीच सुटला!

पूलमधली झाडून सगळी माणसं वळली आणि ढमीच्या मागच्या बाजूकडे बघू लागली. ढमी ट्यूबसकट जमिनीवर आडवी झाली. पानी, पानी, म्हणून जो गळा काढला तो लिफ्टमध्ये, कॉरिडॉरमध्ये, केबिनमध्ये, कुठेच थांबला नाही. तिचं रडणं ऐकून मला आतून तुटल्यासारखं झालं. बापाचा शब्द गेला.

सूड घेणार. आधी साडूवर, मग लाईफगार्डवर. कारंज्यावर सध्या राग नाही.

४ मे, सकाळी

बायकोच्या हट्टापायी मागचा डेक पाहून आलो. जमिनीतून उडणारी बारकी कारंजी, वर एक भरून पालथी होणारी बादली, घोटाभर पाणी, भोवती बुटकं कुंपण. आत सगळी डायपरवाली जनता. ढमी कुंपणाला लटकून आनंदाने किंचाळली. मी तिला उचलून परत आणलं. साहेब पूलमध्ये आणि माझी मुलगी घोटाभर पाण्यात? असल्या हौदात मी तिला बसू देणार नाही. बायको म्हणाली, अहो, तिला आवडलंय ना. मी म्हणालो, तिला कागद खायलाही आवडतो.

प्लॅन तयार आहे. जहाज परत लागायच्या आत ढमीचा डायपर सुटलेला असेल आणि ती साडूच्या नाकावर टिच्चून मोठ्या पूलमध्ये उतरेल. ऐकून बायको हसली. ती विसरते की मी ट्रेनिंग मॅनेजर आहे. गेल्या वर्षी गोदामातल्या सगळ्या स्टाफला नवीन सॉफ्टवेअर शिकवलं ते मीच. नंतर सगळे परत जुनंच वापरायला लागले, पण तो इच्छाशक्तीचा प्रश्न आहे, ट्रेनिंगचा नाही.

४ मे, रात्री

पॉटी आणलेली नाही. (बायको!) केबिनमधली बर्फाची बादली वापरायचं ठरवलं. उंची बरोबर आहे, काठ गोल आहे.

ट्रेनिंगचा पहिला नियम, प्रात्यक्षिक. मी कपड्यांसकट बादलीवर बसून दाखवलं. चेहऱ्यावर प्रसन्न भाव ठेवला. ढमी लक्ष देऊन बघत होती. तेवढ्यात टॉवेल बदलणाऱ्या बाई दार वाजवून आत आल्या. त्यांनी मला पाहिलं, बादली पाहिली, टॉवेल खाली ठेवले आणि पाठ न वळवता बाहेर गेल्या.

रात्रीच्या जेवणाला आमच्या टेबलावर बर्फ आला नाही. योगायोग असावा.

५ मे, सकाळी

प्रगती उत्तम. ढमीने बादलीत बदक टाकलं, माझे मोजे टाकले आणि बायकोचा चार्जर टाकला. म्हणजे वस्तू जागच्या जागी ठेवायची सवय लागतेय. मूळ काम, म्हणजे शू, कार्पेटवर झालं. कार्पेटचा रंग गडद आहे. जहाज बांधणाऱ्यांना अनुभव दिसतो.

दुसरी आघाडी आज उघडणार. साहेबांचा डायपर सुटला, असं फक्त साडू म्हणतो. पुरावा काय? पोराला पोटभर रस पाजून पूलमध्ये सोडायचं आणि बाजूला उभं राहून बघायचं. शिट्टी वाजेल. मग मी साडूला ओरडून विचारणार, साहेबांचा कधीच सुटला होता ना? वाक्य आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा फार छान झालं.

५ मे, संध्याकाळी

साहेबांना कलिंगडाचा रस दिला. मोठा ग्लास. मी दिला म्हणून साडूला भरूनच आलं. म्हणाला, दादा, तुमचा जीव आहे हो पोरावर. साहेबांनी रस संपवला, अजून मागितला, मग मला म्हणाले, काका, तू पण पी. एकटे प्यायला तयार होईनात. नाइलाजाने मीही प्यायलो, ग्लासाला ग्लास.

साहेब पूलमध्ये उतरले. मी आरामखुर्चीत दबा धरून बसलो. थोड्या वेळाने साहेब स्वतःहून बाहेर आले, लाईफगार्डची चड्डी ओढली आणि शू म्हणाले. तो राक्षस त्यांचं बोट धरून त्यांना टॉयलेटला घेऊन गेला. असं परत परत झालं. दोघांची दोस्ती झालीय.

पुढचं मला नीट बघता आलं नाही, कारण मीच टॉयलेटमध्ये होतो. साहेब तीनदा बाहेरून दार वाजवून गेले.

६ मे, सकाळी

विजय! ढमी काल रात्रीपासून कोरडी. नाश्ता झाला तरी कोरडी. प्रत्येक वेळी बादलीवर बसवलं आणि शू बादलीत. बायको म्हणाली, शूचं ठीक आहे, पण पोरीचं पोट दोन दिवस साफ नाही झालेलं, जरा थांबा. मी म्हणालो, याला स्वतःवर ताबा म्हणतात. ती म्हणाली, याला बद्धकोष्ठ म्हणतात.

काही लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

दुपारी बायको आणि मेहुणी केस कापून घ्यायला जाणार आहेत. तीच वेळ धरायची. साडू साहेबांना घेऊन पूलवर असतोच. आज त्याचं तोंड बघण्यासारखं होणार.

६ मे, दुपारी, पूलवरून आल्यावर

आधी चांगलं तेवढं लिहितो.

लाईफगार्डने ढमीला पुढून मागून पाहिलं. फुगवटा नाही. मला विचारलं, डायपर पूर्ण सुटला? मी म्हणालो, पूर्ण. आत सोडलं. ढमीचे पाय पाण्याला लागले आणि तिने श्वासच रोखला. मग माझ्या गालांवर दोन्ही ओले तळवे ठेवले आणि बाबा म्हणाली. फक्त बाबा. पानी नाही, बदक नाही. महिनाभर ज्यासाठी मरमर केली, ते हे. तिथेच थांबायला हवं होतं.

पण साडू पलीकडच्या कडेला होता आणि त्याचं लक्षच नव्हतं. मी मोठ्याने हाक मारली. म्हणालो, बघ रे, कोण आलंय मोठ्या पूलमध्ये! त्याने पाहिलं. जळेल असं वाटलं होतं. त्याने टाळ्या वाजवल्या, शाब्बास ढमे म्हणून ओरडला. मी म्हणालो, तीन दिवसांत! तुला किती महिने लागले?

ढमी गप्प झाली होती. लांब कुठेतरी बघत होती. चेहरा लाल. तो चेहरा मी ओळखतो.

६ मे, संध्याकाळी

पूल बंद.

शिट्ट्या. सगळे बाहेर. जाळी घेऊन दोन माणसं आली. मग कर्ण्यावरून सूचना झाली, ती जेवणघरापर्यंत ऐकू गेली. सगळं पाणी काढून, पूल धुऊन, परत भरणार. जहाजावरच्या पन्नास-साठ मुलांनी एकदम भोकाड पसरलं. त्यांचे आईबाप हातात टॉवेल घेऊन एकमेकांच्या मुलांकडे संशयाने बघत होते.

मी ढमीला घेऊन टॉवेलच्या कपाटामागे होतो. लपलो नव्हतो. टॉवेल मोठ्या साईझचा हवा होता, तो शोधायला वेळ लागतो.

लाईफगार्डने विचारलं, कोणाचं मूल? मी बोलणारच होतो. तोंडही उघडलं होतं. क्लोरीनमुळे घसा कोरडा पडतो. तेवढ्यात साडूने हात वर केला. म्हणाला, माझं.

साहेब म्हणाले, मी नाई! मी नाई केली! कोणी ऐकलं नाही. एक आजी साडूला म्हणाल्या, झेपत नसेल तर मुलं आणू नयेत. साडू मान खाली घालून सॉरी म्हणत, रडणाऱ्या साहेबांना खांद्यावर टाकून, सगळ्यांच्या मधून निघून गेला. साहेबांना आता जहाज लागेपर्यंत पूलमध्ये बंदी.

म्हणजे मी काल जे योजलं होतं, अगदी तेच घडलं. शिट्टी वाजली, साडूची अब्रू गेली, सगळ्यांनी पाहिलं. मला फार आनंद व्हायला हवा होता. केबिनमध्ये येऊन बादलीवर बसून वाट पाहिली. झाला नाही.

७ मे, रात्री

नाश्त्याला साडूच्या शेजारचं कुटुंब उठून दुसऱ्या टेबलावर गेलं. मेहुणीला सगळं माहीत आहे, बायकोलाही माहीत आहे. ढमीची चड्डी बायकोनेच धुतली. दोघी माझ्याशी गोड बोलताहेत. हे वाईट लक्षण.

साहेब माझ्याजवळ आले आणि म्हणाले, काका, मी नाई केली. मी उकडलेलं अंडं सोलत होतो. बराच वेळ सोललं. शेवटी खाण्यासारखं काही उरलं नाही.

साडूचा यात डाव असणार. एवढा शिव्याशापांचा धोंडा कोणी फुकट पायावर पाडून घेत नाही. त्याला गाठून सरळ विचारलं, असं का केलंस? म्हणाला, दादा, तुम्हाला झेपलं नसतं. मला काय, मला लोक हसतातच, सवय आहे. तुम्ही आठवडाभर जेवला नसता. आणि ढमी तुमच्या कडेवर किती खुश होती, तेवढ्यात आरडाओरडा कशाला?

हेच! हेच मला त्याचं सहन होत नाही. अपमान केला असता तर फेडला असता. याची फेड कशी करायची? रात्री बायकोला विचारलं. ती म्हणाली, पोराला सॉरी म्हणा. मग दिवा मालवून झोपली.

८ मे, सकाळी

मागच्या डेकवर गेलो. सहज.

साहेबांना पूल बंद, म्हणून साडू दोघांनाही कारंज्यात घेऊन आला होता. ढमी माशाच्या डायपरमध्ये, साहेब चड्डीत. वरची बादली पालथी झाली की दोघं किंचाळायची आणि लगेच वर बघत पुढच्या बादलीची वाट पाहायची. साडू मध्ये फतकल मारून बसला होता, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला. ढमीला मोठ्या पूलची आठवणही नव्हती. मला पाहून तिने हात केला आणि परत बादलीकडे बघायला लागली.

कुंपणाशी डायपरवाल्यांच्या आयाबापांची गर्दी होती. मी खाली बसलो, साहेबांना जवळ बोलावलं. हळूच म्हणालो, साहेब, पूलमध्ये तू नाही केलीस. मला माहीत आहे. सॉरी.

साहेब विचारात पडले. ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि विचारलं, काका, तू केली?

ढमीचं नाव घेणार होतो. ती कारंज्यावर दोन्ही हात दाबून पाणी अडवत होती आणि खिदळत होती. तिच्याकडे बोट दाखवायला हात उचललाच नाही. हो म्हणालो.

साहेब मागे वळले आणि दोन दिवसांत साठलेला सगळा जोर लावून ओरडले, बाबा! मी नाई केली! काकाने केली! पूलमध्ये काकाने शी केली!

कारंजं चालूच होतं, पण कुंपणाशी उभी असलेली सगळी माणसं माझ्याकडे वळली. साडूने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मग हसत हसत आडवाच झाला. या वेळी हात वर करायला तो काही उठला नाही.

८ मे, संध्याकाळी

साहेबांवरची बंदी उठली. मोठा पूल भरलाय, पाणी स्वच्छ आहे. मला कोणी अडवलेलं नाही. फक्त मी त्या बाजूला चालायला लागलो की लोक आपापली मुलं पाण्यातून बाहेर काढतात.