बारा पेरं, पाच बोटं

गुरुजी, मी या हातांनी काय काय केलं ते आधी लिहितो, म्हणजे पुढचं बोलायला मला तोंड राहील. भंगारातल्या पंपाच्या शाफ्टपासून एक लेथ, तो अजून चालतो. रसवंतीची एकतीस चाकं. नेकनूरच्या एका दुकानातल्या भिंतीवरच्या बंद घड्याळाला तीन नवी चाकं. आणि पोलादाची एक तबकडी, जिच्या कडेनं सारख्या अंतरावर साठ भोकं आहेत. कुठल्याही चाकाचे दाते मी तिच्यावरून आखतो. ती साठही भोकं मीच आखली नि मीच पाडली, अकरा दिवस लागले. आयटीआयला मी गेलो नाही. शाळा म्हणाल तर तुमचीच, तीही ऊसतोडीतून उरेल तेवढी.

मागच्या आठवड्यात तुमचे जुने विद्यार्थी धारूरला माझ्या वर्कशॉपवर आले होते. तुम्ही गेलात, आता तुमच्या आठवणीसाठी शाळेच्या कमानीवर मोठं घड्याळ बसवायचं आहे, आणि ते मी करायचं. त्याखाली पितळी अक्षरांत तुमचं वाक्य: ‘दहाच्या पुढे गणित नाही.’ त्यांच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणजे वर्गात माझ्या शेजारी बसायचा तोच. आता कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालतो आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. मी म्हणालो, घड्याळ करतो, वाक्य करत नाही. घड्याळात साठ मिनिटं, मिनिटात साठ सेकंद, आणि त्याच्याखाली दहाची आरती लावायची? हा काय प्रकार आहे? तो हसला. म्हणाला, “साठी बुद्धी नाठी म्हणत्यात. तुझी तर पन्नाशीतच गेली बे.”

गुरुजी, दहात काय आहे ते मला कळतं. शून्य लावलं की दहापट, एवढी सोय साठाला नाही. वर्गात मी साठाचं नाव काढलं तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, “साठाचं गणित लिहायला साठ चिन्हं लागतील, तू पाठ करणार का?” बरोबर आहे, नसती केली. पण दहाचे वाटे करायला जा. दोन होतात, पाच होतात, संपलं. तिघं भाऊ दहा भाकरी घेऊन बसले की एक भाकर फाडावीच लागते. साठाला दोन चालतात, तीन चालतात, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस, तीस, कुणीही रिकाम्या हातानं उठत नाही. जुन्या लोकांनी दिवसाच्या साठ घटका केल्या, घटकेची साठ पळं केली, ते काय सगळे अडाणी होते?

हा शब्द तुमचा आहे, माझा नाही. मी चौथीत होतो. तोड संपवून आम्ही परत आलो आणि आई मला शाळेत सोडायला वर्गाच्या दारापर्यंत आली. तुम्ही विचारलं, किती दिवस नव्हता हा? आई मोजायला लागते. उजव्या हाताचा अंगठा चार बोटांच्या पेरांवरून फिरतो, तीन, सहा, नऊ, बारा. बारा झाले की डाव्या हाताचं एक बोट मिटतं. पाच बोटं मिटली की साठ. तिनं डावी मूठ दोनदा पुरी मिटली आणि म्हणाली, “दोन साठी झाल्या, गुरुजी.” तुम्ही खुर्चीत मागे रेलून म्हणालात, “बाई, देवानं दहा बोटं दिलीत, त्यांचे तुकडे कशाला करता? पेरांवर अडाणी मोजतात. याला तरी दहानं मोजू द्या.” वर्ग हसला. आईनं हात पदराखाली घेतला. मग तुम्ही हजेरीपट काढून बोट फिरवलंत. रविवार धरून एकशे वीसच निघाले, मी पहिल्या बाकावरून बघत होतो. ते तुम्ही मोठ्यानं वाचलं नाहीत.

त्यानंतर आई माझ्यासमोर कधी मोजायची नाही. फडात मोळ्या मोजायच्या झाल्या तर पाठ फिरवून मोजायची. एकदा मी विचारलं, काहून गं पाठ फिरवतीस? म्हणाली, “न्हाई, ऊन लागतंय.” ऊन समोरून नव्हतं, गुरुजी. मी बघितलं होतं.

एकोणीस वर्षांचा असताना मी रसवंतीला पहिलं चाक केलं. बाभळीचं, बारा खुंट्यांचं, घेर बरोबर शंभर सेंटिमीटर. तुम्ही शिकवल्याप्रमाणे शंभराला बारानं भागलं. आठ पूर्णांक तीन तीन तीन, ते संपेचना. ‘उरलं तर सोडून द्यावं,’ हे पण तुमचंच. मी सोडलं आणि आठ पूर्णांक तीनवर खुणा केल्या. अकरा वाटे सारखे आले, बारावा आठ पूर्णांक सात. चाक फिरायला लागलं की दर फेरीला एकदा टक्‌ व्हायचं. रसवंतीवाल्यानं घुंगरू वाढवले, तरी ऐकू यायचं. तुम्ही बाजारच्या दिवशी तिथं रस प्यायला थांबलात, अर्धा ग्लास तसाच ठेवून चाकाकडे बघत राहिलात. दुसऱ्या दिवशी घरी बोलावून तुमचं पितळी कर्कटक माझ्या हातात दिलंत. “वर्तुळ काढ. आता पायांतलं अंतर हलवू नको. तेवढ्याच अंतरानं कडेकडेनं चालव.” मी चालवलं. सहाव्या पावलाला टोक जिथून निघालं होतं तिथंच येऊन बसलं. काही उरलं नाही, काही सोडावं लागलं नाही. सहाचे अर्धे केले की बारा, बाराचे पाच-पाच केले की साठ.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. याचाच मला संताप येतो. वर्तुळ दहाला दाद देत नाही, बारा पेरांच्या हिशेबानं मात्र सरळ चालतं, हे माहीत असलेला माणूस चाळीस पोरांसमोर एका बाईला अडाणी म्हणाला आणि दहा वर्षांनी तिच्या पोराला बंद खोलीत कर्कटक देतो. आमच्या दारात उभं राहून तुम्ही तिला एवढंच म्हणायला हवं होतं, बाई, तुमचं बरोबर होतं. आमचं घर तुमच्या घरापासून चार गल्ल्या पलीकडे होतं. ती त्यानंतर सहा वर्षं होती.

तबकडी त्याच कर्कटकानं आखली आहे. हे पत्र त्याच्याच डबीत ठेवतो, दुसरीकडे कुठं टाकणार? एक मात्र कबूल करतो. अध्यक्षाला मी घड्याळाचं, मिनिटांचं, वाट्यांचं सगळं कारण सांगितलं. आईचं सांगितलं नाही. वर्ग तिला हसला तेव्हा तो माझ्या शेजारी बसला होता, आणि हसणाऱ्यांत मीही होतो.

जाताना त्यानं खांद्यावर हात ठेवला. “वाक्यासकट करून दे. लई ताणू नको. तुझ्याच आवडीचा आकडा देतो, साठ हजार.” मी नाही म्हणालो. साठ हजार रुपये.